वळकटी घेऊन विलायतेला



मी इतिहासाचा अभ्यासक नाही, साधा होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी गोड गोळ्या दिल्या आहेत आणि त्या देताना कॉफी सोडा, कच्चा कांदा सोडा असे सांगून तुमचा रागही ओढवून घेतला आहे. संघाच्या मंडळींनी यंदाच्या व्याख्यानाला बोलावले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मग वाटले, आमच्या शास्त्राची एक सवय इथे उपयोगी पडेल. आम्ही रोग्याला रोगाचे नाव विचारत नाही. तहान किती लागते, झोप कशी लागते, कोणत्या कुशीवर झोपता, रात्री कितीला जाग येते, असले बारीकसारीक विचारत बसतो. रोगी कंटाळतो, पण औषध सापडते ते त्यातूनच. आज मला युरोपला गेलेल्या मराठी माणसांना तेच विचारायचे आहे. बाबा रे, तू काय पाहिलेस ते राहू दे. तू झोपलास कुठे, खाल्लेस काय आणि खिशात किती होते?

या गावाला प्रवासाचे वावडे नाही. काकासाहेब कालेलकरांच्या लहानपणीच्या आठवणींत बेळगुंदी येते. त्याच काकासाहेबांनी १९१२ साली स्वामी आनंदांबरोबर हिमालय पायी पालथा घातला. पाठीवर पडशी आणि पायांखाली वाट, हा प्रकार आपल्याकडे वारीइतका जुना आहे. आजची पोरे पाठीवर मोठी पिशवी लावून महिना महिना युरोपात आगगाडीने फिरतात, त्याला मात्र आपण नवे फॅड समजतो. ते नवे नाही हे मला सांगायचे आहे. आणि माझ्या घरातली एक वही दाखवायची आहे.

सुरुवात राजापासून करतो, म्हणजे गरिबाचा फरक लगेच कळेल. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या घरांना ऐकून माहीत आहे. १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले. वय वीस. सुएझचा कालवा उघडून जेमतेम सहा महिने झाले होते. बरोबर कारभारी, आचारी, नोकरचाकर आणि सोवळ्याओवळ्याची सगळी सोय. ते रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. त्यांच्या पश्चात १८७२ मध्ये ती कॅप्टन वेस्ट यांनी छापली. परतताना फ्रान्समध्ये जर्मनांशी युद्ध पेटले होते, म्हणून ते बेल्जियम, जर्मनी आणि तिरोलच्या डोंगरातून आगगाडीने इटलीत उतरले. ब्रेनर खिंडीतून रेल्वे सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. वाटेत प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. तिथल्या नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने दहन झाले. पुढे तिथे छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला. शेजारच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘इंडियानो’ म्हणतात.

म्हणजे आगगाडीने युरोप पाहणाऱ्या ज्या पहिल्या मराठी माणसांची रोजनिशी आपल्या हाती आहे, त्यांतला एक आपल्या शेजारचा. पण त्या रोजनिशीत माझ्या प्रश्नांची उत्तरे नाहीत. राजाला भूक लागण्याआधी ताट येते. भाकरी कितीला पडली, हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही.

त्यानंतर चाळीस वर्षे मुंबईहून निघणाऱ्यांची वाट साधारण ठरलेली होती. बोटीने एडन, सुएझ, मग इटलीतले ब्रिंदिसी किंवा फ्रान्सचे मार्सेय, आणि तिथून आगगाडीने कॅले. पैसेवाले आणि घाईवाले बंदरावर उतरून गाडी धरत, कारण त्यात जिब्राल्टरचा वळसा आणि बिस्केच्या उपसागरातली ओकारी वाचे. ज्याच्याकडे वेळ जास्त आणि पैसा कमी, तो बोटीतच बसून राही. म्हणजे तेव्हा आगगाडी ही चैन होती. स्वस्तातला माणूस समुद्रानेच लंडनला पोचे आणि त्याला युरोप दिसतच नसे. आज उलटे आहे, पण ते असे उलटायला पाऊण शतक लागले.

या वाटेवरचा एक प्रसंग डॉक्टर म्हणून मला कधी विसरता आला नाही. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोपाळ कृष्ण गोखले निघाले. बरोबर दिनशा वाच्छा होते. कॅलेला गोखल्यांना अपघात झाला आणि छातीला जोराचा मार बसला. त्यांनी तो काही दिवस कोणाला सांगितलाच नाही. परक्या मुलुखात, परक्याच्या खर्चाने जाणाऱ्या माणसाला आपले दुखणे सांगायचा संकोच वाटतो. माझ्या दवाखान्यात असे रोगी रोज येतात. घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प बसलेले.

आता ज्यांच्यासाठी मी हा विषय घेतला त्यांच्याकडे येतो. विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचे, म्हणजे आपल्याच बाजूचे, मराठी आणि कानडी दोन्ही अंगणांत वाढलेले. घरची गरिबी, वडील वारकरी वळणाचे. फर्गसनमध्ये शिकले ते ओढाताण करूनच. १९०१ साली एकेश्वरवादी ख्रिस्ती मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करायला निघाले. वाटखर्चाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हात दिला. मार्सेयला उतरून त्यांनी फ्रान्समधून गाडी धरली. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी कोल्हापूरचे शाहू महाराज लवाजम्यासह विलायतेला आले. एका महाराजांच्या दानावर आलेला जमखंडीचा विद्यार्थी आणि दुसरे महाराज एकाच वेळी एकाच देशात.

शिंदे रोजनिशी लिहीत आणि ‘सुबोध पत्रिके’ला पत्रे पाठवीत. पुढे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र लिहिले. आपल्या घरी जुन्या कपाटात ते असेल तर विलायतेचा भाग जरूर काढून वाचा. त्यांचे पाहणे हे पाहुण्याचे नाही. सुट्टी लागली की हा विद्यार्थी मोठ्या शहरांत जाऊन एकेश्वरी मंडळींचे गरीब वस्त्यांतले काम पाही. राजवाडे बघायला येणारे पुष्कळ होते. झोपडपट्टी बघायला तिकीट काढून जाणारा विरळा. माझे तर मत असे, की ज्याला आपला पैसा मोजून खर्चावा लागतो त्याचीच नजर तिकडे जाते. शिक्षण संपल्यावर सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमला उदार धर्माची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि मग मायदेशी परतले. तीन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. विलायतेच्या गल्ल्यांत पाहिलेले त्यांनी परळच्या चाळींत लावून पाहिले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १९१४ च्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्ट कोणी विचारत नसे. शिंदे फ्रान्स काय, हॉलंड काय, तिकीट काढून गेले. मी जेव्हा व्हिसाच्या रांगेत बँकेचे तीन वर्षांचे कागद, आयकराची पाने आणि ‘परत येणारच’ याचे पुरावे घेऊन उभा होतो, तेव्हा मला सारखी जमखंडीच्या या माणसाची आठवण येत होती. त्याला समुद्र ओलांडला म्हणून घरी प्रायश्चित्ताचा प्रश्न होता, सरहद्द ओलांडायला मात्र कोणाची परवानगी लागली नाही.

पुढचे नाव बाबासाहेब आंबेडकरांचे. १९२० साली ते अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांची उसनवारी, एवढ्यावर. राहण्याच्या जागी जेवण अपुरे. रात्री वाचता वाचता भूक लागली, की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. बॅरिस्टर, डॉक्टर ऑफ सायन्स, या पदव्या आपण पाठ केल्या, पण त्या पापडांनी भागवलेल्या रात्रींवर मिळाल्या आहेत. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव दाखल केले. त्या दिवसांत जर्मन मार्क घसरत चालला होता आणि खिशात पौंड असलेल्याला जर्मनी स्वस्त पडे. १९२३ मध्ये ते परतले आणि एप्रिल १९२५ मध्ये आपल्या निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. निपाणीकरांनी ज्यांचे भाषण ऐकले, त्यांनी दोन वर्षांपूर्वी युरोपात एकेक शिलिंग मोजलेला होता.

म्हातारपणी फिरणाऱ्यांना धीर यावा म्हणून महर्षी कर्व्यांचे सांगतो. मार्च १९२९ मध्ये ते निघाले तेव्हा एकाहत्तर वर्षे पुरी होत आली होती. कशासाठी? महिला विद्यापीठासाठी पैसे गोळा करायला. २५ जुलै ते ४ ऑगस्ट जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत, आणि ८ ऑगस्टला डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला दुसऱ्या परिषदेत हजर. नकाशा उघडून बघा. मधल्या चार दिवसांत अख्खी जर्मनी आडवी येते. मुठी-मुठीने फंड जमवणारा आणि हिंगण्याहून पुण्याला पायी येजा केलेला माणूस. त्याला कशाची भीती? तिथून अमेरिका, जपान करून ते एप्रिल १९३० मध्ये परतले, आणि त्याच वर्षाअखेर आफ्रिकेला निघाले. माझे सत्तरीतले रोगी गुडघ्यांची तक्रार घेऊन येतात तेव्हा मी ही तारखांची यादी त्यांना ऐकवतो. काही जण रागावून डॉक्टर बदलतात.

स्वातंत्र्यानंतर प्रवासवर्णनांचा सुकाळ झाला. पु. ल. देशपांडे आपल्या बेळगावच्या राणी पार्वती देवी महाविद्यालयात शिकवून गेलेले, म्हणून ‘अपूर्वाई’ १९६० साली आली तेव्हा आपल्या भागात ती घरच्या माणसाचे पत्र आल्यासारखी वाचली गेली. माझ्या वडिलांनी वाचनालयातून आणलेली प्रत घरात मोठ्याने वाचली जाई. त्या पुस्तकाने दोन पिढ्यांना युरोप दाखवला यात शंका नाही. पण लेखक, प्राध्यापक, कलावंत हे बहुधा कोणाच्या तरी बोलावण्यावर जात. सरकार, संस्था, परिषद, कोणी ना कोणी पाठीशी असे. जे कोणाच्याच बोलावण्यावर गेले नाहीत, त्यांची पुस्तके झाली नाहीत. त्यांच्या वह्या झाल्या. आणि त्या वह्या माळ्यावर पडल्या.

आमच्या घरातली वही माझ्या काकांची. आमचे घर निपाणीच्या तंबाखूच्या व्यापारातले. काका त्यात रमले नाहीत, त्यांनी इंजिनिअरिंगची पदविका घेतली आणि जर्मनीत एका कारखान्यात प्रशिक्षणाची जागा मिळवली. १९६६ च्या पावसाळ्यानंतर ते निघाले. तेव्हा परदेशी जाणाऱ्याला देशातून तीन पौंड नेता येत. पुन्हा सांगतो, तीन. रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म भरल्याशिवाय परदेशाचे तिकीटही निघत नसे. त्याच जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले होते. आधी पौंडाला तेरा रुपये तेहतीस पैसे पडत, ते एकवीस झाले. म्हणजे काकांनी त्रेसष्ट रुपये खर्चून तीन पौंड खिशात घातले आणि मुंबईला इटालियन बोटीत बसले. सामानात एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. वळकटीत आजीने शेंगाचटणी, भडंग आणि खाकऱ्यासारख्या कडक दशम्या बांधल्या होत्या. सतरंजीला चटणीचे तेल लागले, ते डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

कारखान्यात पगार मिळू लागला, पण त्यातला मोठा भाग घरी येई. तंबाखूचा धंदा त्या दोन वर्षांत बसला होता आणि धाकट्या आत्याचे लग्न ठरत होते. १९६८ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षण संपले. बोटीला सत्तावीस दिवस अवकाश होता. तेवढ्यात काकांनी युरोप पाहिला. सत्तावीस दिवस, आगगाडीने, दुसऱ्या वर्गातून.

‘दुसऱ्या वर्गातून’ हे ऐकून आपल्याकडे तेव्हा लोकांना वाटे, काय ऐट आहे! खरी गोष्ट अशी, की युरोपातल्या रेल्वेंनी १९५६ च्या जूनमध्ये तिसरा वर्ग बंद केला आणि लाकडी बाकांच्या जुन्या डब्यांनाच दुसरा वर्ग म्हटले. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ पर्यंत होता. काका मिरजेला मीटरगेजच्या तिसऱ्या वर्गात बसून निघाले आणि म्युनिकला दुसऱ्या वर्गात बसले, एवढीच बढती. युरोपबाहेरच्यांसाठी युरेल पास १९५९ पासून मिळत होता. तिथल्या तरुणांसाठी इंटररेल १९७२ मध्ये निघाला, वयाची अट एकवीस, किंमत साडेसत्तावीस पौंड. काका जर्मनीत राहत होते म्हणून पहिला मिळेना, आणि दुसरा निघायला अजून चार वर्षे होती. ते सुटी तिकिटे काढत गेले.

वही जमाखर्चाची आहे. व्यापाऱ्याचा मुलगा, त्यामुळे डाव्या पानावर जमा, उजव्यावर नावे. वर्णन जवळजवळ नाही. पॅरिसच्या पानावर आयफेल टॉवरचा उल्लेख नाही. पाव, दूध, केळी, टपाल तिकिटे, सामानघर. राहण्याच्या रकान्यात कुठे ‘युवा वसतिगृह’, कुठे ‘स्टेशन’, आणि सर्वांत जास्त वेळा ‘रात्र गाडीत’. स्वस्तात फिरणाऱ्यांचा हा जुना हिशेब आहे. रात्रीची लांबची गाडी धरायची, म्हणजे अंतरही कटते आणि खोलीचे भाडेही वाचते. काका आम्हा पोरांना सांगत, “युरोपात गाडीत झोप फार गाढ लागते.” आम्हाला खरे वाटे.

आणि सत्तावीस दिवसांपैकी अकरा दिवस जेवणाच्या रकान्यात शून्य आहे. शून्यासमोर एकच शब्द: ‘उपवास’.

आमच्या घरात ही मोठी अभिमानाची गोष्ट. काकांनी परमुलुखात धर्म सोडला नाही, अकरा उपवास केले, असे आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मुनिमहाराज आले की त्यांनाही सांगे. मीही तेच ऐकत वाढलो. काका गेल्यानंतर माळा आवरताना वही हाती लागली आणि डॉक्टरची खोड म्हणा, मी त्या वर्षीचे पंचांग मिळवले. आम्हा जैनांत अष्टमी-चतुर्दशीला उपवास धरण्याची रीत आहे. अकरातले चार दिवस अष्टमी-चतुर्दशीचे निघाले. बाकीचे सात कोणत्याच तिथीला बसेनात. मग मी खर्चाची बाजू पाहिली. त्या सातही दिवसांच्या आदल्या दिवशी लांब पल्ल्याचे तिकीट काढलेले आहे. सगळ्यांत महाग तिकीट रोमचे. त्याच्यापुढे ओळीने दोन उपवास.

काही जण म्हणतील, जैनाला युरोपात खायला काही मिळाले नसेल. तीही शक्यता तपासली पाहिजे, म्हणून माझा अनुभव सांगतो. २०१७ च्या जूनमध्ये मी आणि आमच्या मंडळींनी रेल्वेचा पास काढून असाच प्रवास केला. आमच्या पंथाचे मूळ पुरुष हानेमान यांचे जन्मगाव माइसन, मग लाइपझिग, मग क्योथेन, आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीतली त्यांची कबर, असा आमचा चारधाम. क्योथेन हे गाव आपल्या घटप्रभेसारखे, पण १८४० मध्येच तिथे रेल्वे आली आणि ते जर्मनीतले पहिले जंक्शन ठरले. हानेमान मात्र १८३५ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, नव्या बायकोबरोबर पॅरिसला गेले ते घोडागाडीने. त्या मेलानी बाई त्याआधी पॅरिसहून एकट्या क्योथेनला आल्या होत्या, वाटेत त्रास नको म्हणून पुरुषाचा वेष करून. एकट्या बाईने युरोप फिरणे याचाही इतिहास लिहायला हवा, तो मी दुसऱ्या कोणावर सोपवतो.

तर खाण्याचे. जर्मनीत जिकडे तिकडे बटाटा, तो आम्हाला वर्ज्य. चीजमध्ये काय घातले आहे, हे विचारताना मंडळींनी दुकानदाराला घाम फोडला. पण पाव, काकडी, टोमॅटो, केळी, दूध, दही, कुठेही मिळते. आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आमचा नेम तिथे जूनमध्ये जितका सहज पाळता आला तितका निपाणीतही येत नाही. सूर्य मावळतो साडेनऊला! म्हणजे पोट भरण्याची सोय होती. काकांच्या वहीत बाकीच्या दिवशी पाव-दूध-केळी आहेच. सात दिवस ती परवडली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या प्रवासातही फजिती झाली. पास विकणाऱ्या एजंटाने सांगितले होते, सगळ्या गाड्या चालतील. इटलीत वेगवान गाड्यांना पास असूनही जागेचे वेगळे आरक्षण लागते, हे आम्हाला गाडीत तपासनिसाने शिकवले, दंडासह. मंडळी म्हणाल्या, “तुमच्या काकांनी आज उपवास लिहिला असता.” मी हसलो, पण फ्लॉरेन्सला उतरेपर्यंत तेच वाक्य डोक्यात राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही कॅशिने उद्यानाच्या पार टोकापर्यंत चालत गेलो. नदीकाठी छत्रीखाली राजाराम महाराज, फेटा, दागिने, तरुण चेहरा. सायकलवाले जाता-येता बघतही नव्हते. मला वाटले, फ्लॉरेन्समध्ये एका मराठी राजाचे स्मारक आहे. आणि काकांच्या वहीत याच शहरासमोर ‘स्टेशन’ एवढेच लिहिले आहे. ते या छत्रीपर्यंत आले होते की नाही, कळायला मार्ग नाही. आले असतील तर पायी आले असतील, कारण त्या दिवशी वाहनाचा खर्च टाकलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, काकांनी हे खोटे का लिहिले? मला ते खोटे वाटत नाही. वही घरी जाणार हे त्यांना माहीत होते. आजोबा प्रत्येक वही तपासत. तिथे ‘पैसे नाहीत म्हणून जेवलो नाही’ असे लिहिले असते, तर घरी पाठवलेला मार्क न मार्क आजीच्या घशाखाली उतरला नसता. आत्याचे लग्न त्याच पैशांत झाले. गोखल्यांनी छातीचा मार लपवला, काकांनी पोटाचा. आणि ‘उपवास’ या शब्दात दोन्ही गोष्टी मावतात. सात दिवस ते जेवले नाहीत, आणि मनाने धरले असेल तर तो उपवासच. कोणता दिवस कोणत्या खात्यात टाकायचा, हे पंचांगावरून ठरत नाही, हे मला मागाहून उमगले.

परतीची बोट नेहमीच्या वाटेने आलीच नाही. १९६७ च्या जूनच्या युद्धापासून सुएझ बंद होता, तो १९७५ पर्यंत बंदच राहिला. काका आफ्रिकेला वळसा घालून, केपच्या वाटेने, मुंबईला आले. तीन पौंडांतला एक पौंड त्यांनी तसाच परत आणला होता. तो पुढे देवघरात लक्ष्मीपूजनाला निघे.

वह्या मुळात दोन होत्या. जातानाच्या बोटीची आणि पहिल्या वर्षाची एक, आणि ही दुसरी. पहिली मीच घालवली. माझ्या लग्नाच्या वेळी घराला चुना काढायचा होता, माळ्यावरची जुनी रद्दी मीच पोत्यांत भरून तोलून दिली. तेव्हा मी नुकता डॉक्टर झालो होतो आणि मला जुन्या कागदांची घाण वाटत असे. किती किलो भरली तेही आता आठवत नाही. तुमच्या घरांत अशी ट्रंक असेल. कोणी कुवेतला गेले असेल, कोणी पूर्व आफ्रिकेला, कोणी बोटीवर खलाशी. त्यांत पत्रे, पासपोर्ट, तिकिटांचे तुकडे, हिशेबाच्या वह्या असतील. दिवाळीच्या आवरासावरीआधी एकदा उघडून बघा, एवढी विनंती आहे. संघाने जागा दिली तर अशा कागदांच्या नकला करून ठेवायचा खर्च मी उचलीन. तसे मी सचिवांना बोललो आहे.

पंचांगाचा माझा शोध मी काकूंना सांगितला, तेव्हा त्या पंच्याऐंशीच्या होत्या. त्या तांदूळ निवडत होत्या. मी वही, पंचांग, तिकिटांची टिपणे, सगळे पुढे मांडून अकरातले सात कसे उरतात ते समजावले. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

“त्यांच्या उपासाचा हिशेब तू कशाला मांडतोस रे?” त्या म्हणाल्या. “मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं त्यांनी.”

आणि मला पुन्हा तांदळातले खडे दाखवत बसल्या. वही सध्या माझ्याकडे आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी दवाखान्यात यावे. संध्याकाळी पाचनंतर गर्दी असते, सकाळचे या.